किनाऱ्यावरची ग्रुप मोटारहोम ट्रिप संपत आलीये? शेवटच्या दोन-तीन दिवसांत काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

मोटारहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) कशी निवडायची, रूट कसा आखायचा, पहिल्या दिवशी काय बघून घ्यायचं हे सगळं सांगणारे ढीगभर लोक भेटतात, पण ट्रिप आवरायची कशी हे फार कोणी सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर ग्रुपमधली बहुतेक कुरबूर आणि डिपॉझिटमधली कापाकापी ही शेवटच्या २४ तासांतच होते. सगळे दमलेले असतात, गाडीभर वाळू झालेली असते, ओले टॉवेल लटकत असतात, कोणाला विमान गाठायचं असतं आणि टॉयलेटची टाकी कोण रिकामी करणार यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात.

यावर उपाय एकच, आवराआवर शेवटच्या सकाळी करायचीच नाही, ती दोन दिवस आधीपासून थोडी थोडी सुरू करायची. रोज तासभर सगळ्यांनी मिळून काम केलं तर समुद्रावरच्या शेवटच्या संध्याकाळी मोकळेपणाने बसायला मिळतं आणि गाडी परत देताना जीव टांगणीला लागत नाही. खाली लिहिलंय ते भाड्याच्या गाड्यांसाठी आणि दोन-तीन गाड्यांच्या ग्रुपसाठी आहे, पण एकच गाडी असेल तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

आधी हे सगळं एका जागी काढून ठेवा

कागदपत्रं:
- भाडेकरार, आणि गाडी घेताना सही केलेला ओरखडे-पोचे दाखवणारा कागद
- गाडी घेताना काढलेले फोटो, व्हिडिओ
- विम्याचे कागद
- ज्यांची नावं ड्रायव्हर म्हणून करारात आहेत त्यांची लायसन्स
- ज्या कार्डावर डिपॉझिट ब्लॉक झालंय ते कार्ड (कार्ड एकाचं आणि तो बसलाय दुसऱ्या गाडीत, असं खूप होतं)
- इंधन, गॅस, टोल, कॅम्पसाईट यांच्या पावत्या

सामान: रबरी हातमोजे, मऊ ब्रश, छोटी केरसुणी आणि सुपली, जुना टूथब्रश, मायक्रोफायबरची कापडं, बादली, टॉर्च, मोठ्या कचऱ्याच्या पिशव्या. गाडीसोबत मिळालेला पाण्याचा पाईप, त्याची जोडणी, वीज जोडायची केबल आणि चाकाखाली लावायच्या पाचरी आत्ताच मोजून घ्या, या वस्तू कॅम्पसाईटवर मागे राहतात आणि मग त्यांचे पैसे कापले जातात.

१. परतीची वेळ करारात बघा आणि तिथून उलटं मोजत या

ग्रुपमध्ये कोणीतरी "दुपारपर्यंत दिली तरी चालते" असं म्हणतं आणि सगळे मान डोलावतात. तसं करू नका, करार उघडून वाचा. बऱ्याच ठिकाणी गाडी सकाळीच परत मागतात, कारण तीच गाडी धुऊन पुसून त्याच दिवशी पुढच्या लोकांना द्यायची असते, उशीर झाला की दंड लागतो. डेपो, म्हणजे कंपनीची गाडी परत द्यायची जागा, सुट्टीच्या दिवशी उघडा असतो का हेही बघा.

मग उलटं मोजा. डेपोवर पोचायची वेळ, त्याआधी इंधन भरणं, त्याआधी टाक्या रिकाम्या करणं, त्याआधी कॅम्पसाईटवरून निघणं. मॅपचं ॲप जी वेळ दाखवतं ती साध्या कारची असते, मोटारहोमला त्यापेक्षा नक्कीच जास्त लागते आणि दोन-तीन गाड्या एकामागे एक असल्या की अजून जास्त. शिवाय ॲपला गाडीची उंची माहीत नसते. बहुतेक मोटारहोम ३ मीटरच्या आसपास उंच असतात, शेवटच्या दिवशी घाईत शॉर्टकट मारायला जाऊन बुटक्या पुलापाशी किंवा पार्किंगच्या आडव्या दांड्यापाशी अडकायला होतं आणि मागे आपल्याच दोन गाड्या असल्या की रिव्हर्स घेणं म्हणजे डोक्याला ताप. रस्ता आदल्या रात्री ठरवा आणि उंची एका चिठ्ठीवर लिहून काचेच्या कोपऱ्यात लावा.

२. शेवटची रात्र डेपोजवळ, त्याआधीची रात्र समुद्रावर

हे ऐकून ग्रुपमध्ये नाराजी होते, कारण सगळ्यांना शेवटची रात्र लाटांच्या आवाजात हवी असते. पण माझं मत पक्कं आहे, निरोपाची संध्याकाळ एक दिवस आधीच किनाऱ्यावर करा आणि शेवटचा मुक्काम डेपोपासून तासाभराच्या आत, चांगल्या सोयी असलेल्या कॅम्पसाईटवर ठेवा. तिथे टाक्या रिकाम्या करायची जागा, भरपूर पाणी आणि गाडीभोवती फिरता येईल एवढी मोकळी जागा आहे ना, हे बुकिंग करतानाच विचारा.

किनाऱ्यावरच्या त्या संध्याकाळसाठी भरती-ओहोटी बघून ठेवा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे तीच भरती दुसऱ्या दिवशी जवळपास ५० मिनिटं उशिरा येते. आज संध्याकाळी पाचला पुळण मोकळी होती म्हणून परवाही पाचला तशीच असेल असं धरून चालू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा वर येतं, तेव्हा वाळूला लागून गाडी उभी करायचा मोह टाळा. ओल्या वाळूत रुतलेली साडेतीन टनांची गाडी चार जणांनी ढकलून निघत नाही.

३. खाणं, पाणी, गॅस संपवत आणा

परतीच्या दोन दिवस आधी सगळ्या गाड्यांची सगळी कपाटं आणि फ्रीज एकदम उघडा आणि जे आहे ते एका टेबलावर मांडा. प्रत्येक गाडीत अर्धी तेलाची बाटली, अर्धं मीठ, अर्धी साखर निघतेच. आता नवीन खरेदी बंद, उरलेले दोन दिवस याच्यावरच एकत्र स्वयंपाक करायचा. जे उघडलेलं नाही ते कॅम्पसाईटवर नुकत्याच आलेल्या लोकांना विचारून देऊन टाका, लोक आनंदाने घेतात.

गॅस संपत आला असेल तर नवीन सिलिंडर घ्यायच्या आधी करार बघा. काही ठिकाणी भरलेला परत मागतात, काही ठिकाणी गॅस भाड्यातच धरलेला असतो, मग कशाला उगाच खर्च.

गॅसवरून आठवलं, शेवटी शेवटी ओल्या बॅगा, चटया, वाळूचे बूट असं सगळं जमिनीवर ढीग करून ठेवलं जातं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झालीच तर तो खाली साचतो, म्हणूनच गाडीच्या तळाशी हवेची भोकं ठेवलेली असतात. ती सामानाने बुजू देऊ नका.

पाण्याचं सांगायचं तर १ लिटर म्हणजे १ किलो. टाकी १०० लिटरची असेल आणि भरलेली असेल तर तुम्ही १०० किलो उगाच घेऊन फिरताय. बऱ्याच मोटारहोमची वजनाची मर्यादा ३,५०० किलो असते आणि ट्रिपच्या शेवटी सामान वाढलेलंच असतं. शेवटच्या धुण्यापुरतं वीसेक लिटर ठेवा, बाकीचं सोडून द्या.

४. वाळू आणि मीठ, इथे घाई करू नका

किनाऱ्यावरच्या ट्रिपचं हे खरं काम. साफसफाईचे पैसे कापले जातात ते जास्त करून वाळूमुळे, कारण ती वरवर झाडून जात नाही.

पहिला नियम, वाळू कोरडी असतानाच काढा. ओलं फडकं फिरवलं की ती कोपऱ्यात चिखलासारखी बसते आणि वाळल्यावर दगड होते. गाद्या उचला, सीटच्या गाद्या बाहेर नेऊन झटका, आधी कोरडा ब्रश, मग सुपली, फडकं सगळ्यात शेवटी. सरकत्या दाराची खालची पट्टी नीट बघा, दार ओढताना करकर आवाज येत असेल तर तिथे वाळू अडकलीये, जुना टूथब्रश घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरवडत जा. खिडक्यांच्या जाळ्या आणि पडदे ज्या खाचेतून सरकतात तिथेही हेच करा. जाळी अडकली म्हणून जोर लावला की ती फाटते, आणि तिचे पैसे वेगळे.

खिडक्या. पुढची काच सोडली तर मोटारहोमच्या राहायच्या भागातल्या खिडक्या सहसा काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात. त्यावर वाळू असताना कोरडं फडकं घासलं की ओरखडे उठतात आणि घरात वापरतो तो अल्कोहोल किंवा अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे मारला की बारीक बारीक तडे जातात जे परत कधीच जात नाहीत. भरपूर साधं पाणी ओता, वाळू वाहून जाऊ द्या, मग सौम्य साबण आणि मऊ कापड. ग्रुपमधल्या उत्साही मंडळींना हे आधीच सांगून ठेवा, मदत करायला म्हणून कोणीतरी स्प्रे घेऊन येतंच.

बाहेरचं छत, म्हणजे गुंडाळून ठेवायची ऑनिंग. ती किनाऱ्यावर ओली, खारी, वाळूची तशीच गुंडाळलेली असते. शेवटच्या कॅम्पसाईटवर पोचल्या पोचल्या उघडा, वाळू झटका, गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. एक-दोन दिवस ओली गुंडाळून ठेवली तरी बुरशीचे काळे ठिपके धरतात. वारा वाढला की लगेच आत घ्या, उघडी टाकून कुठे जाऊ नका.

खारी हवा लोखंड खाते, त्यामुळे चाकं, गाडीचा खालचा भाग, सायकलचा स्टँड, पायरी या सगळ्यावर गोडं पाणी मारा. पण जोराच्या प्रेशरचा फवारा खिडक्यांच्या रबरावर आणि फ्रीजसाठी गाडीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या हवेच्या जाळीवर थेट मारू नका, पाणी आत जातं.

आणि कृपा करून वाळूचे पाय आतल्या शॉवरमध्ये धुऊ नका, मुलांनाही सांगा. ती वाळू शॉवरच्या जाळीत आणि पुढे बारीक पाईपमध्ये बसते, मग पाणी उतरत नाही. बाहेर एक बादली ठेवा, पाय तिथे धुवायचे.

५. टाक्या, कोणालाच नको असलेलं काम

चिठ्ठ्या टाका, पाळी लावा, काहीही करा, पण ट्रिपभर एकाच माणसावर हे काम ढकलू नका. शेवटच्या दिवशी तर नाहीच.

टॉयलेटची कॅसेट (टॉयलेटखालची बाहेर काढता येणारी टाकी): हातमोजे घाला, फक्त नेमून दिलेल्या जागीच न्या. ओतताना कॅसेटवर हवेचं एक बटण असतं ते दाबून धरा म्हणजे सगळं एकसारखं वाहतं, नाहीतर गचके खात अंगावर उडतं. दोन-तीन वेळा पाणी घालून हलवून परत ओता. तिथे दोन नळ असतात, कॅसेट धुवायचा वेगळा आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा, त्यांची अदलाबदल कधीच करू नका आणि पिण्याचा पाईप या कामाला लावू नका.

सांडपाण्याची टाकी: आदल्या संध्याकाळी त्यात थोडं साबणाचं पाणी सोडून ठेवा, गाडी चालताना ते आत डुचमळतं आणि टाकी आपोआप धुतली जाते, मग डेपोच्या आधी ओता. रस्त्यावर नळ उघडा ठेवून जाणं, पावसाच्या गटारात सोडणं किंवा वाळूत ओतणं बिलकुल करायचं नाही. आपण जिथे पोहलो तिथेच ते पाणी जातं, आणि मोटारहोमवाल्यांना किनाऱ्यावर थांबूच देऊ नका अशा पाट्या लागतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

दोन-तीन गाड्या असतील तर सकाळी रांग लागते. म्हणून एक गाडी आदल्या संध्याकाळी, एक पहाटे असं वाटून घ्या. कॅसेट धुऊन बसवली की टॉयलेटच्या दारावर कागद लावा, "बंद". नाहीतर पाचच मिनिटांत कोणीतरी वापरतं.

गोड्या पाण्याची टाकी सोडायच्या आधी गीझर आणि पंप बंद करा. पंप कोरडा चालला की खराब होऊ शकतो.

६. मोडतोड झाली असेल तर आत्ताच बोला

सगळ्यांनी एकत्र बसून विचारायचं, कुठे काय तुटलंय? कपाटाची कडी, पडद्याची दोरी, नळाची मूठ, छताच्या झडपेचा दांडा, हे छोटे प्रकार असतात. कोणी सांगितलं की त्याच्यावर ओरडायचं नाही, हे आधी ठरवा, म्हणजे लोक सांगतात. छत आणि मागचे दोन्ही कोपरे मुद्दाम बघा, झाडाच्या फांद्या वर लागतात आणि वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, तिथेच घासतं.

सापडलेलं नुकसान फोटो काढून कंपनीला आदल्या दिवशीच कळवा. चिकटपट्टी लावून लपवलेली गोष्ट त्यांना सापडतेच, रोज तेच बघतात ते. विमा वाचताना छत, तळ, टायर आणि पुढची काच यांचं वेगळं काय लिहिलंय ते बघा, बऱ्याच करारांत हे साध्या विम्यात येत नाही.

७. हिशोब निरोपाआधी

"घरी जाऊन करू निवांत" म्हटलं की तो हिशोब महिनोन्‌महिने लोंबकळतो आणि मैत्रीत उगाच कडवटपणा येतो. निरोपाच्या आदल्या रात्री तासभर बसा, पावत्या टेबलावर, एक जण वाचेल, एक जण लिहील.

काय माणशी वाटायचं आणि काय गाडीमागे वाटायचं ते आधी ठरवा. खाणं माणशी, इंधन आणि कॅम्पसाईट गाडीमागे, हे सहसा सगळ्यांना पटतं. लहान मुलांचं काय धरायचं हेही उघड बोला. आणि ओरखड्याचा खर्च एकट्या ड्रायव्हरवर टाकू नका असं मला मनापासून वाटतं, तो सगळ्यांसाठी गाडी चालवत होता, त्या वेळी मागे उभं राहून "ये ये ये" म्हणणारे आपणच होतो.

एक गोष्ट बहुतेक ग्रुप विसरतात. टोलची बाकी, पार्किंग किंवा वेगाचा दंड हे गाडी परत दिल्यावर काही आठवड्यांनीही येऊ शकतं आणि ते ज्याच्या नावावर करार आहे त्याच्याच गळ्यात पडतं. म्हणून सामायिक गल्ल्यातले थोडे पैसे लगेच वाटू नका, त्याच्याकडे राहू द्या.

८. सामान आणि फोटो

सगळ्या गाड्यांतल्या "कोणाचं आहे माहीत नाही" वस्तू एका टेबलावर ठेवा, ज्याचं त्याने उचलावं. ड्रायव्हरच्या वरचा पलंग, गादीखाली, शॉवरचं छोटं कपाट, ओव्हन, फ्रीजचा बर्फाचा कप्पा, चार्जिंगची भोकं आणि मागची डिकी या जागा टॉर्च मारून बघा. पासपोर्ट आणि औषधं आधीच अंगावरच्या बॅगेत टाका.

गाडीच्या स्क्रीनला तुमचा फोन जोडलेला असेल तर तो काढून टाका आणि नेव्हिगेशनमधला घरचा पत्ताही पुसा.

फोटो मेसेजिंग ॲपवर टाकले की बहुतेक वेळा बारीक होऊन जातात, एक सामायिक फोल्डर करून मूळ साईझमध्ये टाका, आणि हे सगळे एकत्र असतानाच करा.

मुलांनी गोळा केलेले शंख-शिंपले बघून घ्या, आत जीव असेल तर परत समुद्रात सोडा. संरक्षित किनाऱ्यांवरून सहसा काहीच उचलायची परवानगी नसते.

९. शेवटची सकाळ

एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून खात्री करायची:
- गॅसचा मुख्य नळ बंद
- विजेची केबल काढून गुंडाळली
- छताच्या झडपा, खिडक्या बंद
- अँटेना खाली
- पायरी आत
- कपाटं आणि फ्रीजच्या कड्या लागल्या
- चाकाखालच्या पाचरी काढून आत घेतल्या

मग गाडी थोडी पुढे घ्या आणि जिथे उभी होती ती जागा एकदा चालत बघा.

एकमेकांना चिकटून चालवू नका. डेपोचा पत्ता प्रत्येक गाडीत असला की मागे-पुढे झालं तरी बिघडत नाही. जड गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, पुढच्या गाडीपासून किमान तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात त्याहून जास्त.

इंधन डेपोच्या जवळ भरा आणि पावती ठेवा. पंपाच्या छताची उंची बघा. आणि झाकण नीट वाचा. मोटारहोमला डिझेलचं एक, पिण्याच्या पाण्याचं एक आणि बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना ॲडब्लूचं (धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रव, वेगळ्या टाकीत भरतात) एक निळं झाकण असतं. डिझेलच्या टाकीत ॲडब्लू किंवा पाणी गेलं तर इंजिन अजिबात चालू करू नका, लगेच कंपनीला फोन लावा.

१०. गाडी सोपवताना

उजेडात द्या. किल्ली देण्याआधी गाडीभोवती एक सलग व्हिडिओ काढा, चारही बाजू, चाकं, आतला भाग, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा. तपासणीच्या वेळी करार ज्याच्या नावावर आहे तो आणि अजून एक जण एवढेच थांबा, दहा जण एकदम बोलायला लागले की गोंधळ होतो. बाकीच्यांनी सामान उतरवावं.

नवीन काही दाखवलं तर सुरुवातीचा कागद आणि फोटो शांतपणे पुढे करा. तपासून झालं की सहीचा कागद मागा. "नंतर बघून कळवतो" म्हणाले तर निदान गाडी किती वाजता आणि किती किलोमीटरला परत दिली हे लिहून घ्या, नंतर बोंब नको.

त्याच दिवशीचं लांबचं विमान शक्यतो घेऊ नका, घ्यावंच लागलं तर मध्ये भरपूर वेळ सोडा.

कार्डावरचं डिपॉझिट मोकळं व्हायला काही दिवस लागतात, लगेच दिसलं नाही म्हणून घाबरू नका, पण तारीख विचारून ठेवा आणि ती उलटली की ईमेल करा. फोटो आणि कागद काही महिने जपून ठेवा. तोपर्यंत कुठला दंड आला नाही तर गल्ल्यातले राखून ठेवलेले पैसे सगळ्यांना परत वाटा आणि कोणाला किती गेले ते ग्रुपवर लिहून टाका.